बाबागाडीतली वजनं

१९८४ साल. माझी लेक तेव्हा जेमतेम चालायला लागली होती, आणि घरातल्या सगळ्यांचं जेवण आमच्या वन्संच्या मूडवर पचत होतं.

वन्सं टेलिफोन खात्यात होत्या. ऑफिस सुटलं की एका मोटार गॅरेजच्या मागच्या खोलीत जाऊन वजनं उचलायच्या. त्यांना शिकवणारे मास्तर दिवसभर त्याच गॅरेजात गाड्यांखाली आडवे असायचे. बाई वजनं उचलते म्हणजे शेजारणींना महिनाभर पुरेल एवढा विषय, पण घरातून कुणी आडकाठी केली नाही. आमची अडचण निराळीच होती. वजन उचललं गेलं त्या दिवशी वन्सं गुणगुणत जिना चढायच्या, माझ्या लेकीला हवेत उडवायच्या, भांडीसुद्धा घासायच्या. नाही उचललं गेलं, तर चपला दारात अशा आपटायच्या की सासूबाई मला हळूच म्हणायच्या, "आज भांडी तुझ्याकडे."

त्या वर्षी संघाची निवड होती. वन्सं महिनाभर आधीच एक वजन डोक्यावर नेऊन मोकळ्या झाल्या होत्या. ते पुन्हा एकदा नेलं की संघात जागा पक्की. पण नेमके शेवटच्या आठवड्यात सगळे दिवस खराब निघाले. गुरुवारी तर बार छातीच्या वर जाईना. शुक्रवारी जेवताना त्यांनी जाहीर केलं की रविवारी निवडीला जाणार नाही आणि त्यानंतर गॅरेजातही नाही. इतकं राबून शरीर असा दगा देणार असेल तर त्यापेक्षा स्वेटर विणलेले बरे. आमच्या ह्यांनी विचारलं, पहिला स्वेटर कुणाला. त्यावर त्या ताटावरून उठल्या.

रात्रीतून त्यांच्या डोक्यात आलं की दगा शरीराचा नसून लोखंडाचा असणार. कुणीतरी बारच्या प्लेट्स बदलल्या असणार. आता, वजनकाटे दुरुस्त करणं हा तर मामंजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा धंदा. खालीच दुकान होतं. शनिवारी सकाळी वन्संनी मास्तरांकडून प्लेट्स मागून घेतल्या, माझ्या लेकीच्या बाबागाडीत ठेवल्या, वर दुपटं पांघरलं आणि भर रस्त्यातून गाडी ढकलत आणली. कोपऱ्यावरची शिंपीण बाळ बघायला वाकली आणि तिनं विचारलं, किती वजन भरलं बाळाचं. वन्सं म्हणाल्या, तेच बघायला चाललेय.

मामंजी चष्मा पुसत बसले होते तेवढ्यात सासूबाईंनी त्यांना दुकानाच्या मागच्या बाजूला गाठलं. मी चहा घेऊन तिथेच उभी होते.

"अर्धा किलो जास्त भरतंय म्हणून सांगा. तुमचं काय जातंय?"

ज्या माणसानं सख्ख्या मेव्हण्याचा काटासुद्धा खोटा म्हणून त्याच्या दुकानातून उचलायला लावला होता, त्याला त्या हे सांगत होत्या. मामंजींनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"उद्या ती उचलेल," ते म्हणाले, "पण पुढच्या गुरुवारी पुन्हा नाही उचललं, तर मी खोटं वजन कुठून आणू?"

त्यांनी एकेक प्लेट एका काट्यावर मोजली, मग दुसऱ्या काट्यावर. सगळ्या बरोबर निघाल्या. वन्संचा चेहरा पडला. म्हणजे खोट माझ्यातच, असं म्हणून त्या तिथल्याच एका खोक्यावर बसल्या.

मामंजींनी त्यांना पार्सलांच्या मोठ्या काट्यावर उभं केलं आणि आकडा खडूनं भिंतीवर लिहिला. संध्याकाळी खाणंपिणं झाल्यावर पुन्हा बोलावलं. सकाळपेक्षा सव्वा किलो जास्त.

"आता सांग, सकाळची तू खोटी की आत्ताची?"

"बाबा, मध्ये जेवले, पाणी प्यायले. फरक पडणारच."

"मग या प्लेट्स जेवल्या नाहीत, झोपल्या नाहीत, चिडल्या नाहीत. त्या तेवढ्याच राहणार. तू लोखंडाची आहेस का?"

वन्सं काट्यावरून उतरल्या, पण खोक्यावर परत बसल्या नाहीत. मग सगळ्यांनाच चेव आला. काट्यावर हे चढले, लेकीला कडेवर घेऊन मी चढले. सासूबाईंना मात्र अचानक आठवलं की गॅसवर दूध आहे. त्या दिवशीचं दूध सकाळच्या चहातच संपलं होतं.

रविवारी वन्सं निवडीला गेल्या. मी सोबत होते. अंग मोकळं करायला त्यांनी बार उचलला आणि मला लगेच कळलं.

"वहिनी, आज काही खरं नाही."

मी त्यांच्या चपलांकडे बघितलं. त्या आता पायात सरकवणार आणि घरी चालू पडणार, असंच मला वाटलं. त्या उठल्या ते सरळ पंचांच्या टेबलाशी गेल्या आणि पहिल्या उचलीसाठी लिहून दिलेलं वजन कमी करून आल्या. मास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पहिली उचल झाली. दुसरी थोडी जास्तीची, तीही झाली. तिसऱ्या वेळी बार आपटला. वन्सं चौथ्या आल्या, संघात तिघींनाच घेतलं.

घरी दारात सासूबाई कान देऊन उभ्या. वन्संनी चपला काढल्या आणि शेजारी शेजारी ठेवल्या.

"आई, भूक लागलीय. आणि आज भांडी माझ्याकडे."

सोमवारी त्या त्याच बाबागाडीतून प्लेट्स परत घेऊन गेल्या. गाडीचं एक चाक वाकलं ते कायमचं. पुढे लेकीला कुठेही न्यायचं झालं तरी गाडी डावीकडेच ओढायची.

वन्सं पुढच्या वर्षी निवडल्या गेल्या, त्याच्या पुढच्या वर्षी नाही. मास्तर थकून मुलीकडे राहायला गेले तेव्हा खोलीची किल्ली वन्संकडे आली, आणि तिथे त्यांनी कितीतरी मुलींना शिकवलं. आमचे हे निवृत्त झाल्यावर खरोखरच विणायला शिकले. पहिला स्वेटर वन्संनाच दिला, त्याची एक बाही तोकडी आहे. लेक बाळांच्या दवाखान्यात नर्स आहे. मामंजी गेल्यावर दुकान बंद केलं, मोठा काटा गॅरेजातल्या खोलीत नेऊन ठेवला. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून वन्सं सकाळी फोन करून माझ्याकडून दोन छोटी डंबेल्स उचलून घेतात. मी म्हणते आज काही खरं नाही, त्या म्हणतात मग एकच घे.

सासूबाई नव्वदी गाठून गेल्या. काट्यावर त्या एकदाही चढल्या नाहीत.