सतरा नंबरच्या दारावरचं निळं तोरण

थांबा, कडी वाजवण्याआधी जरा माझ्याकडे बघा. मी या दारावरचं तोरण बोलतोय. गोल आहे म्हणून गोंधळू नका.

तोरण म्हणजे आंब्याच्या पानांचं, चौकटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरीवर लोंबणारं, हे मलाही ठाऊक आहे. मी तसा नाही. मी कागदाचा आहे, वाटोळा आहे आणि माझी पानं निळी आहेत. त्यातही खालची पाच पानं जाड, वेडीवाकडी आणि भलत्याच रंगाची. नवा माणूस आला की त्याची नजर नेमकी तिथेच जाते आणि तो मनातल्या मनात नाक मुरडतो. मला त्याचं काही वाटत नाही. पिंपरीपासून चाकणपर्यंत दारंच दारं आहेत, पण त्या पाच पानांचा मान माझ्याखेरीज कुणाला मिळालेला नाही. कसा मिळाला, ते ऐका.

माझा जन्म छप्पन्न सालचा, पिंपरीतल्या औषधाच्या कारखान्याच्या वसाहतीतला. वसाहत तेव्हा इतकी नवी होती की भिंतींना ओल्या चुन्याचा वास यायचा, आणि झाडं म्हणाल तर काटेरी कुंपण घातलेले नुसते खड्डे. दत्तोबा त्या कारखान्यात बाटल्या धुण्याच्या खात्यात कामाला होता. त्याला हे सतरा नंबरचं बिऱ्हाड मिळालं. किल्लीबरोबर एक छापील कागदही मिळाला. त्यावर नियम होते, आणि त्यातला एक असा की भिंतीला किंवा चौकटीला खिळा मारायचा नाही.

उंबरा तर बांधणाऱ्यांनी ठेवलाच नव्हता. बाहेरची फरशी सरळ आत जात होती.

दत्तोबाची आई मंजुळाबाई चाकणजवळच्या खेड्यात एकटी राहायची. दत्तोबानं मोठ्या कौतुकानं तिला घराची हकीकत सांगितली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि निकाल देऊन टाकला.

"उंबरा न्हाई, खिळा न्हाई, तोरण न्हाई. त्ये घर न्हवं दत्तू, त्यो मुक्काम हाय. मुक्कामाला मी यायची न्हाई."

एरवी दत्तोबानं हसून सोडून दिलं असतं. पण त्याच्या बायकोला, इंदुताईला, सातवा महिना लागला होता. पहिलंच बाळंतपण, आणि माहेरी आई नाही. ती इंदुताईच्या लहानपणीच गेली होती. सासूनं येऊन राहावं, एवढी एकच गोष्ट ती मागत होती. दत्तोबानं गावी पोस्टकार्डं टाकली. एक, दोन, तीन. तिसऱ्याचं उत्तर सयाजी घेऊन आला. सयाजी म्हणजे चाकणच्या बाजारातून कांद्याचा ट्रक आणणारा डायवर.

"म्हातारी रविवारी येतीय," तो म्हणाला. "बघती म्हणाली, आन् माझ्याच ट्रकनं चारला माघारी."

दत्तोबाचं तोंड उतरलं. इंदुताईचं मात्र उजळलं. पदर खोचून ती दारासमोर उभी राहिली आणि दाराकडे निरखून बघू लागली. दाराच्या फळीवर मधोमध एक लोखंडी हूक होता. घराच्या नंबराची पत्र्याची पाटी त्यावर अडकवायची होती, पण पाटी अजून आली नव्हती.

"खिळा मारायचा नाही असं लिहिलंय ना?" ती म्हणाली. "असलेल्या हुकाला काही लावायचं नाही असं कुठं लिहिलंय?"

एका हुकावर लांबट तोरण बसत नाही, वाटोळंच बसतं. म्हणून मी वाटोळा आहे. हिरवी डहाळी चार दिवसांत वाळते, आणि इंदुताईला टिकणारं हवं होतं. म्हणून मी कागदाचा आहे. यात गरिबी बघू नका, अक्कल बघा.

आता मला घडवणारीबद्दल सांगायला हवं. शेजारच्या अठरा नंबरात मदिना राहायची. तिचा नवरा मीरासाहेब कारखान्यात मेकॅनिक. तिचे वडील मोहरमचे ताबूत बनवायचे, बांबूच्या कामट्यांवर कागद आणि बेगड चढवून. लहानपणी वडिलांच्या पुढ्यात बसून कागद कातरता कातरता तिच्या बोटांना ती विद्या लागली होती. लग्न झाल्यापासून मात्र त्या बोटांना भाकरी थापण्यापलीकडे काम नव्हतं. इंदुताईनं विचारलं तेव्हा मदिनानं हातातलं निवडणं बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "कागद कुठला आहे, ते आधी दाखव."

कागद घरातलाच. दत्तोबाच्या खात्यात कापसाच्या गुंडाळ्या यायच्या, निळ्या कागदात बांधलेल्या. तो कागद रद्दीत जायचा. मुकादमाला विचारून दत्तोबानं त्याची चळत घरी आणली. बाटल्यांभोवतीचा पातळ पांढरा कागद आला. किराण्याच्या पुड्या सोडवून, हातानं सपाट करून ठेवलेला कागद इंदुताईजवळ होताच. जुन्या दुरडीची कड सोडवून तिचं कडं केलं, ते माझं हाड. त्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळ लावून गुंडाळल्या, ते माझं मांस. जगाच्या सगळ्या बातम्या माझ्या पोटात आहेत, पण मी कुणाला सांगत नाही.

दुपारची कामं आटोपली की दोघी ओट्यावर बसायच्या. निळा कागद दुमडायचा, दुमडीवर अर्धं पान कातरायचं, उलगडलं की पुरं पान. मग नखानं मधली शीर काढायची. पांढऱ्या कागदाच्या पट्ट्यांना झालर कातरून, गुंडाळून झेंडू केले. ते हळदीच्या पाण्यात बुडवले. काहींच्या टोकांना चुन्याची निवळी लावली, तर पिवळा झेंडू बघता बघता तांबडा झाला. इंदुताई लहान मुलीसारखी हसली.

"पानं एकाच अंगानं लावत जा," मदिना सांगायची. "प्रत्येकाचा देठ पुढच्याखाली झाकला पाहिजे. आणि शेवटचं पान पहिल्याच्या पोटाखाली सारायचं. अब्बा म्हणायचे, जोड दिसला की कारागीर दिसला. कारागीर दिसायला नको, काम दिसायला पाहिजे."

दोघींचं बिनसलं ते खळीवरून. मदिना म्हणाली, खळीत मोरचूद घाल, म्हणजे किडा-मुंगी शिवणार नाही.

"मोरचूद म्हणजे विषच की," इंदुताई म्हणाली. "या दारानं लक्ष्मी यायची भाभी. दाराला विष नको."

"अगं, सगळेच घालतात."

"घालू देत. मी गूळ घालणार."

मदिनानं कपाळाला हात लावला. "खळीत गूळ?"

"शुभाचं काम आहे. कशाचंही तोंड गोडच करावं."

तर असा मी, कणकेच्या खळीचा आणि वर गुळाचा. तिसऱ्या दिवशी माझ्यावर मुंग्यांची रांग लागली. इंदुताईनं गुपचूप फडक्यानं ती झटकली. मदिनानं सगळं बघितलं. तिनं घरातून बेगडाची जुनी पट्टी आणली. वडिलांच्या पेटीतली शेवटची. ती माझ्या माथ्यावर बांधली आणि म्हणाली, "पडून होती. आता कामी आली." माझा ऊर तेव्हाच भरून आला होता.

रविवारी सकाळी मला हुकावर चढवलं. इंदुताईनं फरशीवर उंबऱ्याच्या जागी रांगोळीची दुहेरी रेघ काढली. समोरच्या ओळीतल्या बायका बघायला आल्या. आंबा नाही, फूल नाही, तरी दार भरलेलं. सांगायला लाज कसली, मी फार देखणा दिसत होतो.

बाराच्या सुमाराला ट्रक आला. मंजुळाबाई उतरली, आणि तिच्यामागून एक शेळी. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव टिकली. ही दुसऱ्या कुणाच्या हाताला दूध देत नसे, म्हणून मंजुळाबाई जिथे जाईल तिथे टिकली. दत्तोबानं तिला ओट्यापुढच्या नळाला बांधलं.

मंजुळाबाई दारापाशी आली आणि थबकली. खाली रांगोळीकडे बघितलं, मग वर माझ्याकडे.

"ह्ये काय?"

"तोरण आहे, आत्याबाई," इंदुताई म्हणाली.

"निळी पानं कंच्या आंब्याची गं?"

मंजुळाबाई मागे वळली आणि ओट्याच्या कडेला बसली. पाणी तिथेच प्यायली, चहा तिथेच घेतला. जेवणाचं ताट मांडलं तर म्हणाली, "भाकरी बांधून आनलीया." दत्तोबानं विनवलं, चिडला, पुन्हा विनवलं. ती आपली चंची उघडून पान लावत बसली. इंदुताई माझ्याजवळ उभी होती. तिचा एक हात पोटावर होता आणि दुसरा दारावर. साडेतीन वाजून गेले.

माणसं माणसांकडे बघत होती. शेळीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. नळाची गाठ सुटली कधी, कोण जाणे. एकदम दोन खूर धाडकन दारावर आदळले, आणि उष्ण श्वास माझ्या तोंडावर आला. कणीक आणि गूळ! टिकलीनं माझ्या खालच्या अंगाचा लचका तोडला. पाच पानं आणि दोन झेंडू एका घासात गेले.

"अगं अगं अगं!" दत्तोबा धावला. मदिना अठरा नंबरातून पळत आली. इंदुताईनं मला दोन्ही हातांनी झाकलं आणि तिला रडूच कोसळलं. पाच दुपारींची मेहनत होती ती. मला वाटलं, संपलं. आता मुक्कामच ठरणार.

मंजुळाबाई उठली. शेळीचा कान धरून तिला मागे ओढलं. शेळीच्या तोंडातून लोंबणारं अर्धं निळं पान काढून हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, हुंगलं.

"गूळ घातलाय व्हय गं ह्यात?"

इंदुताईनं रडत रडत मान हलवली.

आणि म्हातारी हसली. आधी नुसती गालात, मग पदर तोंडाला लावून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"पाच वरसं झाली," ती म्हणाली, "दर दसऱ्याला माझ्या दारचं तोरण हीच खाती. सांजपावतर एक पान ऱ्हाऊ देत न्हाई. गावात कागदाचं ढीग पडल्यात, कंदी तोंड लावलं न्हाई हिनं. मला म्हातारीला कळंना, पर हिला कळलं. तोरण हाय म्हनूनच खाल्लं."

मदिना हळूच म्हणाली, "बरं झालं मोरचूद नाही घातला. शेळी मेली असती माझ्या शहाणपणानं."

"खळ उरलीया का?" मंजुळाबाईनं विचारलं. आणि रांगोळीची रेघ न मोडता, उंबरा ओलांडावा तसं पाऊल उचलून, ती घरात आली.

निळा कागद संपला होता. मंजुळाबाईनं कमरेची चंची सोडली. सुपारी-तंबाखूच्या मागच्या कप्प्यातून घडी घातलेली तीन पोस्टकार्डं काढली आणि मदिनापुढे ठेवली.

"कातर, पोरी."

"अम्मा, कोरी नाहीत ही. लिहिलेली आहेत."

"मला वाचाया येत न्हाई, पर काय लिवलंय त्ये ठावं हाय. तिन्हीवर येकच हाय. ये म्हनतोय. आले की मी. आता जपून काय करू?"

दत्तोबा दाराकडे तोंड करून उभा राहिला.

मदिनानं कातर म्हातारीच्याच हातात दिली. म्हणून ही पाच पानं वेडीवाकडी आहेत. कार्ड जाड, ते नीट दुमडत नाही. जोडही लपला नाही. कारागीर चक्क दिसतो. मदिनानं मात्र तिच्या अब्बांची आठवण काढली नाही, उलट म्हणाली, "दिसू दे."

चार वाजले. सयाजीनं भोंगा वाजवला. एकदा, दोनदा. मंजुळाबाई जागची हलली नाही. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तिनं तिथूनच हाक दिली.

"सयाजी, जा बाबा तू. माजं हात खळीनं भरल्यात."

त्या गोष्टीला तीन वर्षं झाली. नात झाली, तिचं नाव कुसुम. मंजुळाबाईचे हात काही अजून मोकळे झाले नाहीत. नंबराची पाटी आली तेव्हा हूक माझ्याकडे आहे म्हटल्यावर कारखान्याच्या साहेबांनीच नियम मोडून भिंतीला खिळा मारायला लावला. वसाहतीतला तो पहिला खिळा, माझ्यामुळे! तरी पाटी कुणी वाचत नाही. पोस्टमनसुद्धा विचारतो, निळ्या तोरणाचं घर कुठलं?

आता माझा निळा रंग उडालाय. झेंडू फिके पडलेत, बेगड काळवंडलंय. दर दिवाळीला कुणीतरी म्हणतं, नवं करू या. मदिना मला उतरवते, धूळ झटकते, दोन-चार पानं बदलते आणि पुन्हा लावते. खालच्या पाच पानांना कुणी हात लावत नाही. लावूही नका, एवढंच माझं मागणं आहे.

दत्तोबानं ती कार्डं शाईच्या पेन्सिलीनं लिहिली होती. ओल्या खळीनं अक्षरं जांभळी होऊन उमटली, ती अजून तशीच आहेत. बाकी पानांवर अर्धेमुर्धे शब्द आहेत. मधल्या पानावर मात्र एक शब्द अख्खा आहे. दत्तोबानं तो आपल्या आईला लिहिला होता. आता मी तो येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतो. जरा वाका, म्हणजे दिसेल. 'ये.'

दिसला ना? मग उभे का? या आत. फक्त बरोबर शेळी असेल, तर नळाला दोन गाठी मारून या.