एक पान स्वतःविषयी

अर्ज लिहावा तर रेणुकादासनं, असं लातुरातल्या त्या गल्लीतल्या सगळ्या भाड्याच्या खोल्यांतून बोललं जायचं, आणि ते खोटं नव्हतं. बँकेचा असो, शाळेचा असो की साखर कारखान्याचा, पोरं कोरा कागद घेऊन त्याच्याकडे यायची. तो आधी त्यांची खरडपट्टी काढायचा. "'मी गरीब घरातला आहे' हे पहिल्याच ओळीत कशाला? आधी तुला काय येतं ते सांग, मग शिक्षण. आणि छंद म्हणून 'वाचन' लिहितोस, शेवटचं पुस्तक कधी हातात धरलं होतंस बाबा?" पोरं ओशाळायची, सांगेल तसं लिहायची आणि महिन्या-दोन महिन्यांत पेढे घेऊन यायची. रेणुकादास पेढा तोंडात टाकून "अभिनंदन" म्हणायचा. पण नोकरी दरवेळी दुसऱ्याला लागलेली असायची, त्यामुळे पेढा काही त्याला गोड लागायचा नाही.

दोन हजार सालची गोष्ट. लातुरात तेव्हा दर चौकात नवा क्लास निघत होता. रेणुकादास एम.एस्सी. फिजिक्स, फर्स्ट क्लास, आणि तरी एका क्लासात तासावर शिकवत होता. त्याच क्लासात, त्याच विषयाला, त्याच्याच खोलीत राहणारा मृत्युंजय होता. किल्लारीकडचा, सेकंड क्लास. हे 'सेकंड क्लास' रेणुकादास मनातल्या मनात दिवसातून चारदा तरी म्हणून घ्यायचा. कारण मृत्युंजयच्या तासाला पोरं पार दारापर्यंत दाटीवाटीनं बसायची आणि याच्या तासाला जांभया द्यायची. वही घेऊन शंका विचारायला आलेली पोरगी याला बघून म्हणायची, "मृत्युंजय सर न्हाईत का? मग उद्या येते." असा जळफळाट व्हायचा त्याचा की विचारू नका.

अशात पेपरात जाहिरात आली. नांदेडच्या एका नव्या क्लासला फिजिक्सचा पूर्णवेळ शिक्षक हवा होता. जागा एकच. नोकरी पक्की, आणि स्टेशनसमोरच्या मोठ्या फलकावर शिक्षकाचा फोटो, नावासकट. अर्ज स्वहस्ताक्षरात, सोबत बायोडाटा आणि 'स्वतःविषयी एक पान'. रेणुकादासनं तो फलक मनात कितीदा तरी रंगवला. अठ्ठावीस वर्षांचा झाला होता, आणि त्याचं नाव अजून कशावरच लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मृत्युंजय कागद घेऊन समोर बसला. "दास, मला बी सांग की. तू सांगशील तसं लिहितो."

याच जागेला आपणही अर्ज करतोय, हे रेणुकादासनं सांगितलं. मृत्युंजय हसला. "कर की. दोघांतलं कुणीबी लागलं तरी खोलीत पेढे येतेत."

असा मोकळा हसला की रेणुकादासला त्या हसण्याचाही राग आला. "भूकंपाचं लिहायचं ना?" त्यानं विचारलं.

"न्हाई. ते न्हाई लिहायचं."

"अरे, पण तेच तर..."

"न्हाई म्हणलो न्हवं."

मग रेणुकादासनं त्याला अर्ज सांगितला. महोदय, जाहिरातीस अनुसरून अर्ज करीत आहे. जन्मतारीख, पत्ता, शिक्षण, तीन वर्षांचा अनुभव. पोरं दारापर्यंत बसतात, हे त्यात नव्हतं. नापास होणारी अकरा पोरं मृत्युंजयनं एका वर्षात पास करून दाखवली होती, तेही नव्हतं. स्वतःविषयीचं पान चार ओळींत संपलं. दुसऱ्या कुणासाठी असं लिहिलं असतं तर रेणुकादासला लाज वाटली असती. मृत्युंजयनं निमूटपणे, गोल गोल अक्षरात सगळं उतरवून काढलं आणि "उपकार झाले गड्या" म्हणाला.

मग रेणुकादास स्वतःचं पान लिहायला बसला आणि अडला. काय लिहावं? वडील शाळेत कारकून, आई घरी, फर्स्ट क्लास. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांच्या गावाकडच्या घराच्या भिंतीला एक चीर पडली होती, ती पुढच्या दिवाळीत बुजवली. बस्स. तीनदा कागद फाडला. आणि समोरच्या खाटेवर पेपर वाचत पडलेल्या माणसाकडे असं एक पान होतं की वाचणाऱ्यानं डोळे पुसावेत, आणि तो ते वापरत नव्हता! माणसानं कशाकशाचा हेवा करावा? रेणुकादासनं त्या दिवशी मित्राच्या दुःखाचा हेवा केला.

ते दुःख मृत्युंजयनं एकदाच सांगितलं होतं, तापात. धाकटी बहीण पडलेल्या घराखाली अडकलेली, हात तेवढा बाहेर. लोक येईपर्यंत ती जागी राहावी म्हणून हा तो हात धरून तिच्याकडून पाढे म्हणून घेत होता. एवढं बोलून त्यानं कूस बदलली होती. पुढं काय झालं, हे रेणुकादासनं विचारलं नव्हतं.

त्यानं लिहिलं. भूकंपानंतर मी मदतीला गेलो होतो. ढिगाऱ्याखालच्या एका मुलीचा हात धरून मी तिच्याकडून सतराचा पाढा म्हणून घेतला. शिकवणं म्हणजे काय, हे मला त्या सकाळी कळलं. पान फार सुंदर उतरलं. इतकं सुंदर, की पाकीट चिकटवेपर्यंत ते आपलंच आहे असं त्याला वाटू लागलं.

पंधरा दिवसांनी दोघांनाही बोलावणं आलं. दोघं एकाच एसटीनं नांदेडला गेले. वाटेत मृत्युंजयनं डब्यातली अर्धी भाकरी त्याला दिली, ती त्यानं कशीबशी गिळली. क्लासचे मालक गुरुपादप्पा सर घाईत होते. त्यांनी दोघांना एकदमच आत घेतलं.

"शिकवायला काय, महिनाभरात मी तयार करतो," ते म्हणाले. "मला पालकांसमोर उभा राहील असा माणूस पाहिजे. हे पान बघा, याला म्हणतात अर्ज!" आणि त्यांनी रेणुकादासचं पान मोठ्यानं वाचायला घेतलं.

रेणुकादासनं टेबलाच्या कडेवर नजर लावली. शेजारची खुर्ची एकदा करकरली. पान संपलं. सरांनी चष्मा काढून डोळे टिपले.

"नाव काय हो त्या मुलीचं?"

नाव रेणुकादासला ठाऊकच नव्हतं.

"चांगुणा," शेजारून आवाज आला.

"तुम्हाला कसं माहीत?"

"आमच्याच गावची होती, सर."

"वाचली का मग?"

"न्हाई."

सरांनी रेणुकादासचा हात हातात घेतला. "तुमची जागा पक्की. रविवारी पालकसभा आहे, तिथं हेच सांगायचं, तुमच्या तोंडानं." मग मृत्युंजयकडे वळून म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका, पण तुमचा अर्ज फारच कोरडा आहे हो. लिहायचं कसं ते जरा यांच्याकडून शिकून घ्या."

"हाव सर," मृत्युंजय म्हणाला.

बाहेर जिन्यात रेणुकादास थांबला. आता शिव्या बसतील, कदाचित थोबाडीतही. त्याला ते हवंच होतं. एक थोबाडीत बसली असती तर हिशेब मिटला असता, आणि मृत्युंजयही आपल्यासारखाच निघाला असता. पण मृत्युंजय पायऱ्या उतरून रस्त्यापर्यंत गेला, मग मागं वळला.

"दास, एक चुकलंय त्यात."

"काय?"

"सतराचा तिला पाठ होता. झोपंतबी म्हणायची. म्हणून एकोणीसचा घेतला होता मी, आठवून आठवून म्हणावा लागंल असा. रविवारी सांगताना नीट सांग."

एवढं बोलून तो लातूरची गाडी धरायला निघून गेला. रेणुकादास तिथंच उभा राहिला. जागा मिळाली होती, फलकावर नाव लागणार होतं. आणि गर्दीत दिसेनाशा होणाऱ्या त्या पाठीकडे बघताना त्याला त्या माणसाचा हेवाच वाटत होता, पूर्वी कधी वाटला नव्हता इतका. आपल्याला दुसरं काही वाटतच नाही की काय, याची मात्र त्याला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली.