रेषा ओलांडली तर

दत्तप्रसाद सरांची लेक अक्षया चार दिवस त्यांच्याशी बोलत नव्हती, आणि सरांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. बांद्याच्या कॉलेजात बावीस वर्षं गणित शिकवणारा माणूस, पण लेकीच्या अबोल्यापुढे पार गारद!

चूक त्यांचीच म्हणायची. लेक त्यांच्याच बारावीच्या वर्गात, आणि चाचणीत एक फंक्शन होतं, एक्स भागिले कंसात एक्स वर्ग अधिक एक. एक्स वाढत गेला की किंमत शून्याच्या जवळ जवळ जाते, म्हणजे शून्याची आडवी रेषा ही त्याची अ‍ॅसिम्प्टोट. 'त्या रेषेला आलेख कधी शिवत नाही, म्हणून शून्य रेंजमधून, म्हणजे फंक्शनच्या शक्य किमतींतून, बाद,' हा सरांचा ठरलेला नियम. अक्षयाने शून्य रेंजमध्ये धरलं. सरांनी न बघताच फुली मारली, वर भर वर्गात हसून म्हणाले, "घरात मास्तर असून ही गत!" पोरीने मान खाली घातली ती घातलीच.

रविवारी कुणकेश्वरला सरांच्या भाच्याची, वर्षभराच्या केयूरची, नवसाची गूळतुला होती. एका पारड्यात केयूर, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा. दांडी काही केल्या थांबेना. खाली जाई, वर येई, दर खेपेला बरोब्बर मधली पातळी ओलांडी, आणि झोके लहान होत होत त्याच पातळीकडे येई. सर बघतच राहिले. अरे देवा! जवळ जायचं ते शेवटी. वाटेत ओलांडायला कोणाची बंदी आहे? त्यांनी तिथेच मनात एक्सच्या जागी शून्य घातलं. उत्तर शून्य! रेंजमध्ये शून्य ढळढळीत बसलेलं.

ते तडक गर्दीतल्या लेकीकडे गेले. "अक्षया, तुझाच बरोबर गो. माझाच चुकला."

चार दिवसांनी ती बोलली. "माका कित्याक सांगतास? हसलास वर्गात. थंयच सांगा."

"बापाशीक चेडू भारी पडला," तिची आई शेवंती गूळ वाटता वाटता लेकीकडे बघून म्हणाली.

सोमवारी सरांनी वर्गात खडू उचलला. समोर साठ पोरं, आणि बावीस वर्षांचा दरारा पणाला. त्यांनी आलेख काढला, रेषेच्या आरपार नेला. "अ‍ॅसिम्प्टोट सांगते ती फक्त दूरची गोष्ट. रेंज ठरवायला अख्खा आलेख बघावा लागतो. अक्षयाचं बरोबर होतं. मी चुकलो, आणि हसलो ते तर फारच चुकलो."

मागच्या बाकावरून अक्षया उठली.

"सर, परत एकदा सांगाल?"

"का गं? कळलं नाही?"

"कळलं, सर." तिला हसू आवरेना. "पण ऐकायला बरं वाटतं."

आणि सरांनी कान धरून परत सांगितलं.