कळी धरलेली जाई

मांडवाचा मधला खांब कुजून बसला तेव्हा भिकाजीनं जाईखाली स्वतःचा खांदा दिला, आणि त्याची बायको कोंडाबाई दुसरा बांबू घेऊन परसात येईपर्यंत वेल त्याच्या मांडीपर्यंत चढली होती.

"कात्री आणते," ती म्हणाली.

"वेलीनं कळी धरलीय," भिकाजी म्हणाला. "कळी असताना कात्री लावत नाहीत. बहर जाऊ दे, मग काप."

हे त्याच्या आईचं सांगणं होतं. कोंडाबाईनंही ते कधी मोडलं नव्हतं. तिनं बांबू भिंतीला टेकवला आणि भाकरी थापायला गेली.

मग ती त्याला उभ्याउभ्याच घास भरवू लागली. आळ्यात पाणी घाली ते त्याच्या पायांनाही पोचे. पुढं घास लागेनासा झाला, पाणी पुरू लागलं. पोटऱ्यांवर साल आली.

शेजारची सगुणावहिनी नेहमीसारखी फुलं तोडायला आली. "काय भिकाजीभाऊजी, जन्मभर पायाला भिंगरी, आता बरे एका जागी सापडलात. वाका जरा, वरची हाताला लागत नाहीत."

"वाकता येत नाही, वहिनी. मांडव खाली येईल."

"वहिनी, तोडू नका," कोंडाबाई म्हणाली. "तोडलं की आणखी धरते."

"फुलाला नाही म्हणणारी तूच पाहिली बाई," असं म्हणून सगुणावहिनी रिकामी परडी घेऊन गेली.

फुलं वेलीवरच सुकू लागली. साल मात्र कमरेवर गेली, मग छातीवर. कोंडाबाई रोज तिथं कान लावी. खोल विहिरीच्या तळाशी कुणी धुणं आपटावं तसा ठोका ऐकू येई.

एका दुपारी गळलेल्या फुलांचा सडा झाडून ती उभी राहिली, तर वेल मोकळी होती. तिनं पान न् पान उलटून बघितलं. मग कात्री आणली.

"नीट बघितलंस?" भिकाजीनं विचारलं. साल गळ्याशी आली होती, आवाज बारीक झाला होता.

"बघितलं."

"एकही नाही?"

त्याच्या डाव्या पापणीवर, केसांच्या मुळाशी, तांदळाएवढी एक कळी होती. त्याला ती दिसण्यासारखी नव्हती.

"एकही नाही," कोंडाबाई म्हणाली.

"मग काप." त्यानं डोळे मिटले.

तिनं कात्री उघडून गळ्याजवळच्या फाट्याला लावली. जाई उमलते ती संध्याकाळी. टळटळीत उन्हात, मिटल्या पापणीवर, ती कळी सावकाश उघडू लागली.