गुडघ्याने राखलेली जागा

मी एक जुनी घडीची सीट आहे. मित्रांनो, आधीच सांगून टाकते, खिडकीजवळच्या त्या गुबगुबीत सीटांपैकी मी नव्हे. रोज कामावर ये-जा करणाऱ्यांची आमची पाच डब्यांची गाडी. तिच्या दुसऱ्या डब्यात, दाराच्या डाव्या हाताला, मी भिंतीला पाठ लावून उभी असते. कुणी खाली ओढलं की आडवी होते. तो उठला की स्प्रिंग मला फटकन पुन्हा भिंतीला चिकटवते. थोडक्यात, माझ्यावर कुणी बसलेलं असेल तरच मी सीट, नाहीतर नुसती फळी.

कारखान्यात मला जोडणाऱ्या फिटरने मला कितीतरी वेळा उघडून-मिटून पाहिलं आणि शेजारच्याला म्हणाला, "ही जरा तापट आहे, पण टिकेल." त्याच्या दोन्ही गोष्टी खऱ्या ठरल्या. पहिल्या वर्षभरात मी किती जणांची बोटं चिमटली, ते विचारू नका.

माझ्याबाबत डब्यात एक नियम आहे. गर्दी वाढली की घडीच्या सीटवरच्याने उठायचं आणि मला मिटायचं, म्हणजे तेवढ्या जागेत दोन माणसं उभी राहतात. बसून राहायचं तर तसंच कारण हवं: म्हातारपण, प्लास्टरमधला पाय, कडेवरचं मूल. हा नियम कुठेही लिहिलेला नाही. पण मोडून बघा, अख्खा डबा एकदम खाकरायला लागतो! कित्येक धडधाकट माणसं त्या खाकरण्याने ताडकन उठलेली मी पाहिली आहेत.

माझी नजर माणसांच्या गुडघ्याएवढी. त्यामुळे चेहऱ्याआधी मला पाय ओळखू येतात. पहिल्या स्टेशनावर चढणाऱ्या गवंडीदादांच्या बुटांवर सिमेंटचा राखाडी थर असायचा. त्यांच्यासोबत चढणाऱ्या शाळेतल्या बाईंच्या चपला खडूने पांढुरक्या, आणि मांडीवर सदा विणकाम. दोघं एकमेकांचे कुणी नव्हेत, पण रोज एकाच दाराने चढून चढून ओळख झालेली.

एका संध्याकाळी बाई माझ्यावर बसल्या होत्या. तिसऱ्या स्टेशनावर गर्दी आत आली, तशा त्या नियमाप्रमाणे उठल्या आणि मला मिटू लागल्या. तेवढ्यात समोर एक बाई दिसली. चाळिशी ओलांडलेली, गोल पोटाची, एक हात कमरेवर, चेहरा उतरलेला.

"थांबा, थांबा," शाळेतल्या बाई म्हणाल्या. "ताई, तुम्ही बसा इथे. अशा दिवसांत उभं राहू नये."

ताईने नाही म्हणायला तोंड उघडलं. पण दहा तास ती रुग्णालयाच्या धुलाईघरात उभ्याने चादरींना इस्त्री करून आली होती. तिचे पाय तिच्या तोंडाचं ऐकेनात. ती बसली.

"कितवा?" बाईंनी हळूच विचारलं.

"पाचवा," ताई पुटपुटली.

झालं! शब्द निसटला तो निसटला. मी तेवढ्यात तिच्या पायांकडे पाहिलं. सपातांचे पट्टे सुजलेल्या पायांत रुतले होते आणि घोट्यापासून वर निळ्या शिरा दोरीसारख्या टरारल्या होत्या. तिच्याकडे बसायला खरं कारण होतं, मित्रांनो. पण ते साडीखाली झाकलेलं होतं, आणि खोटं मात्र सगळ्यांना दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी ती पुढच्या डब्याकडे निघाली होती. मी दारातून पाहिलं ना! पण गवंडीदादांनी आरोळी ठोकली, "ओ ताई! इकडे, इकडे! जागा राखलीय!"

ही जागा राखायची दादांची रीत न्यारी होती. माझ्यावर पिशवी ठेवली तर कुणीही उचलून बाजूला करतं. म्हणून ते स्वतः उभे राहायचे आणि एक गुडघा माझ्यावर टेकवून मला आडवी दाबून धरायचे. बसलेलं कुणी नाही, पण सीट मिटलेलीही नाही. सिमेंटने भरलेल्या त्या गुडघ्याला ऊठ म्हणायची कुणाची छाती नव्हती.

मग रोजचंच झालं. दादा गुडघा टेकवून उभे, ताई चढली की गुडघा बाजूला. बाई रोज काहीतरी विचारायच्या. झोप लागते का, आंबट खावंसं वाटतं का. ताई "हो" म्हणायची आणि खाली बघायची. पाचवा गेला, सहावा आला. सातव्यात बाईंनी तिच्या हातात एक इवलीशी पिवळी लोकरी टोपी ठेवली. "तुमच्या डोळ्यांदेखत विणलीय," त्या म्हणाल्या, "बघा, बाळाच्या डोक्यावर बसते की नाही."

टोपी पिशवीत तळाशी गेली आणि तिथेच राहिली. खरं सांगावं तर बसायची जागा जाणार आणि डब्यात तोंड दाखवायची सोय राहणार नाही. न सांगावं तर ती टोपी रोज पिशवीत टोचणार. "उद्या सांगते," ती स्वतःशीच पुटपुटायची. मला ऐकू यायचं. उद्या आला की तिचे पाय पुन्हा तिच्याआधी बसायचे.

मला म्हणाल तर पहिल्या महिन्यातच सगळं कळलं होतं. स्प्रिंगला चकवता येत नाही. पाचव्यात जेवढं वजन, तेवढंच सहाव्यातही. पण मी कुणाला सांगणार? आणि आवाज असता तरी सांगितलं नसतं. इतकं जपून माझ्यावर कधी कुणी बसलं नव्हतं. उठताना ती मला हाताने धरून हळूच भिंतीला टेकवायची. बाकीचे सोडून द्यायचे, की मी आपटले.

पुढे पुढे बाईंनी महिना विचारणं सोडून दिलं. ताईला वाटलं, संशय आला. ती आणखीच अंग चोरून बसू लागली.

असे कितीतरी महिने गेले. मग एक दिवस तिसऱ्या स्टेशनावर ताईच्या मागोमाग एक तरुण मुलगी चढली. तिला खरोखरच दिवस भरत आले होते. दांडा धरून ती धापा टाकत उभी राहिली. डब्याने तिच्याकडे पाहिलं, मग नुकत्याच बसलेल्या ताईकडे पाहिलं. दादा आणि बाई एकमेकांकडे बघू लागले.

ताई ताडकन उठली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच ती मला धरायला विसरली, आणि मी सवयीने खाडकन आपटले! होते नव्हते ते सगळे वळून पाहू लागले. माझी मलाच लाज वाटली. ताईने मला खाली ओढलं, त्या मुलीला दंडाला धरून बसवलं, आणि पिशवीत हात घालून ती टोपी काढली.

"बाई, ही हिला द्या," ती म्हणाली. "मला काही नव्हतं. कधीच नव्हतं. पोट माझं असंच आहे. पाय फार दुखायचे, म्हणून बसत राहिले. तुम्ही सगळ्यांनी एवढं केलंत आणि मी..."

आता अख्खा डबा एकदम खाकरणार, असं मला वाटलं.

खाकरले ते एकटे गवंडीदादा. "ताई, रागावू नका," ते म्हणाले, "पण आमच्या मोजणीप्रमाणे तुम्हाला आज सोळावा लागला."

डबा असा हसला म्हणून सांगू! ती पोटुशी मुलगी पोट धरून ओरडली, "हसवू नका हो मला, इथेच होईल!"

ताई मात्र थक्क होऊन बघत राहिली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं? आणि तरी...?"

"अगं वेडे," शाळेतल्या बाई पहिल्यांदाच तिला अगंतुगं करत म्हणाल्या, "मला मोजता येत नाही का? मी गणित शिकवते. दहावा आला तेव्हाच समजले. पण तोवर तुझे पाय पाहिले होते ना. पाय काही खोटे नव्हते."

ताई हसली आणि रडलीही, दोन्ही एकदमच. टोपी त्या मुलीने नेली. आणि त्या दिवसापासून आमच्या दारापाशी नियमाला एक पुस्ती जोडली गेली: बसणाऱ्याला कारण विचारायचं नाही.

आता मी म्हातारी झाले. कुणाच्या तरी किल्ल्यांनी माझं हिरवं रेक्झिन फाडलं, आतला फोम बाहेर आला. वर्षभर रेल्वेचं कुणी दुरुस्तीला फिरकलं नाही. शेवटी ताईनेच दाभण घेऊन, चालत्या गाडीत, जाड कापडाचं ठिगळ लावलं. दादांनी स्प्रिंगला तेल घातलं. यंत्राला उपकार कळत नाहीत असं म्हणतात. म्हणोत बापडे. मला कळतात.

गेल्या आठवड्यात दादांचं नवं काम चौथ्या स्टेशनाजवळ लागलं, म्हणून ते तिथून चढले. माझ्यावर कुणी बसलेलं नव्हतं, पण मी मिटलेलीही नव्हते. ताई उभी होती आणि तिचा गुडघा माझ्यावर टेकलेला होता. दादांचा उजवा पाय हल्ली वाकत नाही, हे तिने न विचारता पाहून ठेवलं होतं.

"अहो ताई, मला काय झालंय?" दादा ओशाळून म्हणाले.

"कारण विचारायचं नाही. बसा."

दादा बसले, आणि सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की माझी स्प्रिंगसुद्धा हलली. शाळेतल्या बाईंनी सुयांवरून नजर न काढता विचारलं, "कितवा?"

"सोळावा," गवंडीदादा म्हणाले.

मित्रांनो, गाडीत माझ्यासारखी एखादी सीट दिसली तर उठताना तिला हाताने धरून टेकवा, एवढंच मागणं आहे. आणि दारातून कुणी दमलेलं माणूस येताना दिसलं, तर तोवर तुमचा गुडघा तिच्यावर असू द्या.