झाडाचा कौल कुणी घेतला?

मी एक जुनी पितळी घंटा आहे. मित्रांनो, माझा आवाज मोठा, पण लाज त्याहून मोठी.

राजारामपुरीतल्या सयाजीरावांनी नवस फेडायला मला ओतून घेतलं आणि १९९७ साली डोंगरावरच्या धनगरवाड्यात आणलं. तिथल्या देवराईत देव उघड्यावर, झाडांखाली बसतो. देवाला विचारल्याशिवाय वाळकी काटकीही कुणी उचलत नाही. दगडाला दोन फुलं चिकटवायची. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. याला कौल म्हणतात. पुजारी आकारामांनी माझ्यासाठी कौल लावला आणि उजवं फूल पडलं. मी काय फुगले म्हणता!

पण मला टांगायला मंडप हवा, मंडपाला तुळई हवी. आकाराम कुऱ्हाड घेऊन राईतल्या जुन्या बेहड्याच्या झाडाकडे निघाले, तशा वाड्यावरच्या म्हाताऱ्या धोंडुबाई आडव्या आल्या.

"आकाराम, ढोलीत धनेशाची मादी बसलीया. पिल्लं उडूस्तवर थांब की!"

"जत्रा तोंडावर आलीया, मावशी. अन् देवानं कौल दिलाय न्हवं?"

"घंटंचा दिलाय. झाडाचा कुणी इचारला?"

कुणीच नव्हता विचारला. तरी झाड पाडलं. धनेश पक्ष्याची मादी अंडी घालायला ढोलीचं तोंड लिंपून आत बसते, उडायची पिसं गाळते. नर तिला फटीतून फळं भरवतो. तिला उडताच आलं नाही. ती गेली, पिल्लंही गेली. नर मात्र चोचीत उंबर धरून रिकाम्या जागेवर घिरट्या घालत राहिला. त्याच झाडाच्या तुळईला मला टांगलं. जत्रेत लोक म्हणाले, "काय आवाज हाय!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढं कित्येक वर्षं धनेश राईकडे फिरकले नाहीत. शेवटी आकाराम मान खाली घालून धोंडुबाईंकडे गेले. सगळा वाडा जमला. मंडप ठेवायचा का, असा कौल लावला, डावं फूल पडलं. मंडप उतरवला, बेहड्याची आणि उंबराची रोपं लावली. ढोलीच्या झाडाला हात लावायचा नाही, असं ठरलं. मला राईच्या हद्दीवर खांबाला बांधलं. राईत कुऱ्हाड ऐकू आली तरच वाजवायचं. धोंडुबाई मात्र पाखरांची वाट बघत बघत वारल्या. त्यांची माफी मागायची माझी राहूनच गेली.

एका उन्हाळ्यात सयाजीराव आले. मला बघून त्यांनी कौतुकानं हात वर केला. आकाराम धावत आले आणि माझा लोलक मुठीत घट्ट धरला.

"वाजवू नगा, पावणं. आत बाळंतीण हाय."

समोरच्या झाडाच्या ढोलीतून चोचीचं टोक बाहेर आलं होतं आणि नर तिला उंबर भरवत होता.

मित्रांनो, देवाला जरूर काही वाहा, पण त्यापायी कुणाचं घर पडतंय का, ते आधी विचारा. आणि मला वाजवायची वेळ कधी आणू नका.