बर्फाचा काटा

दिवे मालवले आणि बंद पडलेल्या त्या जुन्या थिएटरात, एवढी माणसं खच्चून भरलेली असूनही, टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता झाली. स्टेजवर उंच आसनावर नादबाबा डोळे मिटून बसले होते. स्पीकरमधून एकच खालचा सूर येत होता, इतका खालचा की तो कानांपेक्षा खुर्चीच्या लाकडातून जास्त कळावा. तो वाढत गेला, वाढत गेला आणि एकदम तुटला. माणसं श्वास धरून बसली. मग कुठूनसा, अगदी डोक्यावरून, एका बाईचा उंच, कोवळा आवाज आला. स्टेजवर तर गाणारं कुणीच नव्हतं.

"आला!" पुढच्या रांगेतली एक म्हातारी ओरडली. "काटा आला गं बाई!"

बाबांचे सेवक टॉर्च घेऊन रांगांमधून फिरू लागले. लोकांनी बाह्या सारून हात पुढे धरले. ज्याच्या हातावर काटा दिसेल त्याच्या मनगटाला पांढरी फीत बांधली जाई.

"काटा म्हणजे देवाची सही!" बाबा गरजले. "माणसाच्या अंगावर साडेतीन कोटी रोमरंध्रं. साडेतीन कोटी दारं! नाद आत शिरला की दारं उघडतात आणि रोग लेकाचा वाट फुटेल तिकडे पळत सुटतो!"

ही दारं बाबा कधी मोजायला बसले होते, हे विचारायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

मधल्या रांगेत बेकरीवाला बसला होता, बायको आणि नऊ वर्षांच्या चिमीला घेऊन. चिमीला लहानपणापासून फिट यायची. डॉक्टरच्या गोळ्या चालू होत्या आणि गोळ्यांमुळे वर्षभर फिट आली नव्हती. पण आईला तेवढं पुरे नव्हतं. तिला दुखणं मुळापासून जायला हवं होतं, आणि कुठल्या आईला ते नको असतं?

टॉर्च आला. आईच्या हातावर काटा होता. चिमीच्या हातावरही होता, आणि ती तो सगळ्यांना दाखवत होती. बेकरीवाल्याच्या भट्टीने भाजलेल्या हातांवर काहीच नव्हतं.

"बंद अंग!" सेवकाने आरोळी दिली.

"अरेरे!" बाबांनी कपाळाला हात लावला. "घर एक आणि त्यातलं एक दार बंद. लेकीचा रोग निघणार आणि बापाला आपटून परत लेकीतच शिरणार! आधी हे दार उघडू दे. ते उघडलं की गोळ्यांचं काम संपलं."

लोक माना वळवून त्याच्याकडे पाहू लागले. त्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "तुम्ही मन लावून ऐकतच नाही."

"ऐकतो गं. बरंही वाटतं. पण काटा येत नाही, त्याला मी काय करू?"

"पोरीसाठी एवढंही होत नाही तुमच्याच्याने?"

हळूहळू गिऱ्हाइकं शेजारच्या गल्लीतून पाव घेऊ लागली. बंद अंगाच्या हातचं कशाला खा, असं कुणीतरी म्हणालं होतं म्हणे. ते त्याने गिळलं. पण एकदा चिमीने पीठ मळताना मागून येऊन विचारलं, "पप्पा, तुमचं दार का उघडत नाही? माझ्यावर रागावलात?" तेव्हा त्याचे हात पिठातच थांबले.

उन्हाळ्यात कणीक तापू नये म्हणून बेकरीत बर्फ ठेवलेला असे. पुढच्या सभेला जाताना त्याने त्यातला एक खडा छोट्या पिशवीत घालून काखेत दाबून धरला. वरून तो कोवळा आवाज आला आणि त्याने हात आणखी आवळला. टॉर्च आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांवर सरसरून काटा उभा होता.

"उघडलं!" सेवक किंचाळला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. खुद्द बाबा खाली उतरले आणि त्याला कडकडून मिठी मारून म्हणाले, "पाहा! दगडाला पाझर फुटला!" पाझर फुटलाच होता. बाबांच्या अंगरख्याला ओल लागली, पण तो त्यांनी भक्ताचा घाम समजला असावा.

घरी गेल्यावर बायकोने गोळ्यांची बाटली मोरीत रिकामी केली. ती हसत होती. कितीतरी दिवसांनी हसत होती. त्याने सांगायला तोंड उघडलं आणि तिच्याकडे बघून मिटलं. उद्या सांगू, असं त्याने ठरवलं. दुसऱ्या दिवशीही त्याने तेच ठरवलं.

त्याच आठवड्यात, शाळेत जायला बूट घालता घालता चिमी कोसळली. फिट थांबेना. पावाच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरने विचारलं, "गोळ्या अशा एकदम कुणी बंद केल्या?" आणि उत्तर मिळायच्या आतच डॉक्टर आत धावला. चिमी घरी परत आली नाही.

बाबांनी मान हलवली. बापाचं दार पुन्हा मिटलं असणार, असं त्यांनी सांगितलं आणि ते वाऱ्यासारखं पसरलं. बायकोने बेकरीवाल्याशी बोलणं टाकलं. पण सभेला जाणं तिने सोडलं नाही, उलट ती आता पहिल्या रांगेत बसू लागली. कारण बाबा तिला म्हणाले होते, "काटा येतो ना? अगं, ती तुझी लेकच तुझ्या हातावरून हात फिरवते."

तोही तिच्या मागोमाग जाई आणि शेवटच्या रांगेत बसे. एके दिवशी त्याच्या शेजारी चिमीच्या शाळेतल्या गाण्याच्या बाई येऊन बसल्या. वरून तो आवाज आला तशी बाईंनी मान तिरकी केली.

"ही श्वास भलत्या जागी घेते," त्या पुटपुटल्या. "माझ्याच वर्गातली पोर. सांगून सांगून माझी जीभ झिजली."

आणि त्या उठल्या. पूर्वी जिथून सिनेमा दाखवत त्या वरच्या खोलीचा जिना त्यांनी धरला. क्षणभराने त्या दिव्य आवाजाने गाणं अर्धवट तोडलं आणि साऱ्या स्पीकरमधून ऐकू आलं, "अगंबाई! बाई, तुम्ही?"

सगळं थिएटर मागे वळलं. वरच्या चौकोनी खिडकीत उजेड झाला होता. हातात माइक धरलेली एक मुलगी रडवेल्या चेहऱ्याने उभी होती. बाईंनी माइक घेतला.

"घाबरू नका, मी शिक्षिका आहे, भूत नाही. इथे दोन बटणं आहेत. एक स्पीकरचं, एक गार हवेच्या पंख्याचं. ही गायला लागली की गार झोत तुमच्या मानेवर सुटतो. पण तो नसता तरी तुमच्यातल्या पुष्कळांना काटा आला असता. काळोख, बराच वेळ एकच सूर, मग एकदम शांतता, आणि ध्यानीमनी नसताना उंच आवाज. मन दचकतं आणि सुखावतं, दोन्ही एकदम. मग कातडी आक्रसते, केस उभे राहतात. मांजर घाबरलं की फुगतं ना, तसंच. गुदगुल्या कुणाला होतात, कुणाला नाही. काट्याचंही तसंच आहे. ते गाण्याचं सुख आहे. औषध नाही."

कुजबुज वाढली. पण बाबा कच्च्या गुरूचे चेले नव्हते.

"आवाज पोरीचा असेल!" ते हात उंचावून म्हणाले. "नाद तर त्याचाच! सांगा, तुमचा काटा खरा होता की नाही?"

"खरा होता!" लोक ओरडले, आणि पुन्हा स्टेजकडे तोंडं करून बसू लागले. बाई वर एकट्याच राहिल्या.

तेव्हा शेवटच्या रांगेत बेकरीवाला उभा राहिला.

"माझा काटा बर्फाचा होता."

"काय?" बाबा म्हणाले.

"बर्फाचा. काखेत पिशवी होती. तुम्ही मला मिठी मारलीत, तुमचा अंगरखा भिजला. बर्फ कुठला आणि देव कुठला, तुम्हाला कळलं नाही. त्या काट्यावर तुम्ही माझ्या पोरीच्या गोळ्या बंद केल्यात. आणि मला माहीत होतं. मला माहीत असून मी बोललो नाही."

पहिल्या रांगेत त्याची बायको उठली. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही, बाबांकडे पाहिलं.

"म्हणजे ती हात फिरवत नव्हती?"

"श्रद्धा ठेव, माई..."

"पंखा होता?"

तिने मनगटावरची फीत दाताने तोडली. मग एकेक करून लोक उठले, कुणी शिव्या देत, कुणी खाली मान घालून. बाबा मागच्या दाराने पसार झाले. आता दुसऱ्या कुठल्याशा गावी, दुसऱ्या बंद थिएटरात लोकांना काटे येताहेत असं ऐकतो.

घरी बायकोने एवढंच विचारलं, "का नाही सांगितलंत?"

"तू हसत होतीस."

"मीच ओतल्या," ती म्हणाली. "ह्या हातांनी." आणि ती अशी रडली की शेजारची दारं उघडली. कुणाचं किती चुकलं, याचा निवाडा त्या घरात अजून झालेला नाही. बहुधा होणारही नाही.

एका सकाळी दोघं भट्टीपाशी होती. शाळेची पोरं पाढे म्हणत रस्त्याने चालली होती. सात सक बेचाळीस झालं आणि एक पोर अडखळली. चिमी नेहमी तिथेच अडखळायची. बेकरीवाल्याच्या भाजक्या हातावर, बर्फ नाही, पंखा नाही, सर्रकन काटा आला. त्याने हात बायकोपुढे धरला.

तिने तो बराच वेळ पाहिला. "ती आली असं म्हणू नका."

"नाही म्हणत. आठवण आली."

"हं. आठवण," ती म्हणाली, आणि तिने पाव भट्टीतून बाहेर काढले.

गाणं ऐकून काटा आला तर खुशाल येऊ द्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही, नाही आला तर त्यातही नाही. फक्त गोळ्या बंद करायच्या का, हे काट्याला विचारू नका. ते डॉक्टरला विचारा. आणि लबाडी कुठे आहे हे तुम्हाला ठाऊक असेल, तर त्याच संध्याकाळी बोला. समोरचं माणूस हसत असलं तरी बोला.